अंतिबियाबाईंची साक्ष

गावाने माझ्या नवऱ्याचं नाव पुढे केलं आणि कारभाऱ्यांचा माणूस मान डोलावणार, तेवढ्यात अंतिबियाबाई घोड्यावरून उतरल्या.

चिनाराच्या झाडाखाली सगळं गाव जमलं होतं. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे विहिरीच्या कठड्यापाशी. स्पार्टाहून दोघे जण आले होते. स्पार्टात दर वर्षी पाच कारभारी निवडले जात, त्यांनीच पाठवलेले. सांगावा असा होता की अथेन्सशी चाललेल्या या युद्धात ज्या हेलोटांनी स्पार्टासाठी मोठं काम केलं असेल, त्यांची नावं गावोगावच्या लोकांनी सांगावीत. पारखून त्यांना मुक्त केलं जाईल.

आम्ही हेलोट, म्हणजे स्पार्टाची जमीन कसणारी माणसं. जमीन ज्या घराच्या वाट्याला, त्या घराच्या वाट्याला आम्ही. मालकाला आम्हाला विकता येत नसे आणि सोडताही येत नसे. सोडायचं तर ते नगरानेच, आणि नगराने कोणाला सोडल्याचं माझ्या आईने कधी पाहिलं नव्हतं. उलट नवे कारभारी आले की पहिलं काम म्हणून आमच्याविरुद्ध युद्ध पुकारत. तसं रीतसर पुकारलेलं असलं की हेलोटाला मारणाऱ्याला खुनाचं पाप लागत नसे. पेरणी कधी असते हे जसं माहीत असतं, तसं हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. त्यामुळे सांगावा ऐकून आधी कोणी तोंडच उघडलं नाही. मग आलेल्या दोघांतला थोरला हसला आणि म्हणाला, घाबरू नका, नगर उपकार विसरत नाही. तेव्हा कुठे लोक बोलायला लागले.

पहिलं नाव माझा दीर तेलेस याचं निघालं. तो एका सरदाराची ढाल वाहायला लढाईवर गेला होता आणि सरदार जखमी होऊन पडला तेव्हा त्याला पाठीवर घालून घेऊन आला होता. दुसरं नाव माझ्या नवऱ्याचं, फिंतासचं. त्याच्याबद्दल फारसं सांगावंही लागलं नाही. आदल्या उन्हाळ्यात पायलोसच्या बंदराच्या तोंडाशी असलेल्या बेटावर स्पार्टाचे शिपाई अडकले होते. भोवती अथेन्सची जहाजं फिरत होती, बेटावर धान्य नव्हतं. मधात कालवलेली खसखस आणि कुटलेलं जवस कातड्याच्या पिशव्यांत भरून, त्या पिशव्या दोरीने मागे ओढत, काही हेलोट पाण्याखालून पोहत बेटावर गेले. फिंतास त्यांतला एक. जो जाईल त्याला मुक्त करू असं तेव्हाही कबूल केलं होतं. पण पुढे बेट पडलं, शिपायांनी ढाली टाकल्या, त्यांना बांधून अथेन्सला नेलं, आणि त्या सगळ्या लाजेत पोहणाऱ्यांची आठवण कोणी काढली नाही. आता काढत होते.

अंतिबियाबाई आमच्या मालकीण. नवरा लढाईत गेलेला, भाऊ स्पार्टात वजनदार, जमीन आणि घोडे त्या स्वतः बघत. उंच, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. मी त्यांना अजूनही बाईच म्हणते, ते तोंडातून जात नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा थेरास त्या बेटावर होता, आणि आता अथेन्सच्या तुरुंगात होता. म्हणजे फिंतासने पोचवलेलं अन्न त्यांच्या मुलानेच खाल्लेलं. बाई आल्या तेव्हा मला वाटलं, त्या आपल्या माणसाच्या बाजूने बोलायला आल्या. मला बरं वाटलं.

त्यांनी थोरल्याला विचारलं, कोणाचं नाव चाललंय? त्याने सांगितलं.

"हा?" बाई म्हणाल्या. "हा बेटावर गेलाच नाही."

फिंतास कुत्र्याच्या कातड्याची टोपी हातात धरून उभा होता. आम्हा सगळ्यांना तीच टोपी घालावी लागे, लांबून ओळखता यावं म्हणून. तो म्हणाला, "बाईसाहेब, मी गेलो होतो."

"किनाऱ्यावरच्या झुडपात बसून होता," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "मध यानेच खाल्ला. पिशवी पाण्यात सोडून दिली आणि वाहून गेली म्हणून सांगितलं."

थोरल्याने विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं?

"बेटावर अन्न पोचलं असतं तर माझ्या मुलाने ढाल टाकली नसती. तो काय हौसेने अथेन्सला गेलाय?"

स्पार्टाच्या बाईने असं चारचौघांत बोलावं, हे मी त्याआधी आणि नंतरही ऐकलं नाही. शरण गेलेल्या मुलाचं नाव आया घरातसुद्धा घेत नसत. थोरला खाली बघायला लागला. धाकट्याने पायाने माती उकरली. मग थोरल्याने गावातल्या लोकांना विचारलं, बाई म्हणतात ते खरं का? गावातले लोक काय सांगणार? मालकीण खोटं बोलते असं म्हणणारा हेलोट अजून जन्माला यायचा होता. तेलेस मात्र एक पाऊल पुढे आला. फिंतासने त्याचा दंड धरला. इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत तिथे बोटांचे वळ होते.

"पुढचं नाव सांगा," थोरला म्हणाला.

बाई घोड्यावर बसल्या आणि निघून गेल्या. तेलेसबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्याचं नाव कायम राहिलं, आणि बेटावर गेलेला आमच्या गावचा दुसरा एक जण होता, त्याचंही.

घरी आल्यावर फिंतास बैलांना पाणी पाजायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. तेलेस चुलीपाशी माझ्याजवळ बसला. तो माझ्यापेक्षा थोडासाच लहान, आई गेल्यापासून आमच्याकडेच राहणारा. म्हणाला, "वहिनी, बाईला एक माणूस कमी करायचा नव्हता. दोघंही गेलो असतो तर तिचं शेत कोणी बघितलं असतं?" मी म्हटलं, मग तुला का जाऊ दिलं? तो म्हणाला, दादाइतकं काम मला कुठे येतं. ऑलिव्हची छाटणी दादासारखी या खोऱ्यात कोणाला जमत नाही, हे बाईला पक्कं माहीत आहे. त्याने ठरवूनही टाकलं होतं. मुक्त झालेल्यांना पुढच्या मोहिमेवर नेतात म्हणे, तिथे नाव कमवायचं, मग कारभाऱ्यांपुढे उभं राहून दादाचं खरं काय ते सांगायचं. मुक्त माणसाचं बोलणं त्यांना ऐकावं लागेल, असं तो म्हणाला.

मला ते पटलं. बाईंबद्दल माझ्या मनात जे होतं ते मी आर्टेमिसच्या देवळात जाऊन देवीला सांगितलं, आणि त्यांच्या घोड्यांना रोग लागो, त्यांचा मुलगा परत न येवो, असं मागून आले. फिंतासने मात्र काहीच मागितलं नाही, कोणाला शिवीही दिली नाही. त्याला गावात लोक टाळायला लागले होते. त्याने चोरी केली नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण एकदा एखाद्याला सगळ्यांदेखत भित्रा म्हटलं की त्याच्याकडे बघताना लोकांना ते आठवतंच.

थोड्याच दिवसांत निवडलेल्यांना स्पार्टात बोलावलं. आम्ही बघायला गेलो. मी फिंतासला येऊ नकोस म्हणाले होते, पण तो आला.

मी तेवढी माणसं एकत्र कधी पाहिली नव्हती. खोऱ्यातल्या गावागावांतून, डोंगराच्या पलीकडूनही आलेली. सगळ्यांच्या डोक्यांवरच्या त्या टोप्या काढून टाकल्या होत्या आणि हिरव्या पानाफुलांचे मुकुट घातले होते. एका देवळातून दुसऱ्या देवळात ते रांगेने जात होते. प्रत्येक देवळापुढे बासरी वाजत होती, पुजारी त्यांच्यावर पाणी शिंपडत होता. दोन्ही बाजूंना स्पार्टाचे लोक उभे होते. आमच्यासारखे त्यांच्या मागे. तेलेस आमच्या समोरून गेला तेव्हा मी त्याला आधी ओळखलंच नाही. टोपीखाली कायम झाकलेलं त्याचं कपाळ गोरं होतं आणि त्याच्या खालचा चेहरा काळा, जणू दोन माणसांचे दोन तुकडे जोडलेत. त्याने आम्हाला पाहिलं. "दादा," एवढंच तो म्हणाला, आणि पुढे गेला, कारण रांग थांबत नव्हती.

फिंतासने हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. रांग वळून दिसेनाशी झाली तरी.

परत येताना पुढच्या एका देवळापाशी मला बाई दिसल्या. आपल्या भावाजवळ उभ्या होत्या. मिरवणूक समोरून चालली होती आणि त्या देवळाच्या भिंतीकडे बघत होत्या.

त्यानंतर बातमी आली नाही. पहिल्यांदा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. सांगितलं गेलं की त्यांना उत्तरेला पाठवलंय. मग कोणी म्हणालं, सीमेवर जमिनी दिल्या. सातूची कापणी झाली. उत्तरेच्या मोहिमेवरून एक तुकडी परत आली, तिच्याबरोबर गेलेल्या हेलोटांना आम्ही विचारलं. त्यांनी मुकुट घातलेल्यांपैकी एकालाही तिकडे पाहिलं नव्हतं. शेजारच्या गावची एक बाई, जिचा नवरा आणि भाऊ दोघंही गेले होते, ती थेट स्पार्टात विचारायला गेली. तिला फटके मारून परत पाठवलं. तिने येऊन सांगितलं की मारताना कोणी तिला एकदाही म्हणालं नाही की ते ठीक आहेत.

कोणालाही प्रेत दिसलं नाही, खड्डा दिसला नाही, रक्त दिसलं नाही. एवढी माणसं कुठे नेली आणि काय केली, हे आजपर्यंत मला कळलेलं नाही. मला भेटलेल्या कोणालाही कळलेलं नाही.

एके दिवशी थंडी पडायला लागल्यावर फिंतास म्हणाला, "तेलेसची घोंगडी वापरायला काढ." मी त्याच्याकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता. मी घोंगडी काढली आणि उन्हात टाकली.

त्या हिवाळ्यात मला दिवस गेले. आणि त्याच सुमारास मी बाईंच्या वाट्याचं तेल आणि सुके अंजीर घेऊन स्पार्टात गेले. नेहमी गावातला कोणीतरी म्हातारा जात असे, त्या खेपेला मी मागून घेतलं. गाढवावरून सामान उतरवून घेतल्यावर बाईंच्या घरच्या बायका आत गेल्या. बाई तबेल्याच्या दारात एका घोड्याचा पाय गुडघ्यांत धरून खुरात अडकलेला खडा काढत होत्या. मी तिथेच उभी राहिले.

"काय गं?" त्या म्हणाल्या.

मी सरळ विचारलं, "बाईसाहेब, तुम्हाला माहीत होतं का?"

त्यांनी खडा काढला, घोड्याचा पाय खाली सोडला, हात पुसले. कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही. आजूबाजूला कोणी आहे का ते बघितलं.

"भावाच्या घरी बोलणं चाललं होतं," त्या म्हणाल्या. "मी आहे म्हणून काही ते थांबले नाहीत. पायलोस गेल्यापासून तुमची माणसं उठतील याची सगळ्यांना धास्ती होती. आपण सुटायला सगळ्यांत पात्र आहोत असं ज्याला वाटतं, तोच उद्या सगळ्यांत आधी उठेल. तो कोण हे कसं ओळखायचं? तर विचारायचं."

मी दाराला धरलं. त्यांनी मला बस म्हटलं नाही, पण मी सावरेपर्यंत थांबल्या.

"फिंतास बेटावर गेला होता," मी म्हटलं.

"मला माहीत आहे. तह बोलायला दूत अथेन्सला जातात. थेरासने त्यांच्या तोंडी निरोप पाठवला होता. म्हणाला, आपल्या शेतावरचा छाटणीवाला पाण्यातून वर आला तेव्हा त्याला बोलायलाही दम नव्हता. त्याने पिशवी दिली आणि परत पाण्यात गेला." मग त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाचं नाव मी त्या दिवशी सगळ्यांसमोर घेतलं. कशासाठी घेतलं असेल, वाटतं तुला?"

मी त्यांचे पाय धरायला हवे होते, असं नंतर मला खूपदा वाटलं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"आणि तेलेस?"

बाईंनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला. "एकाबद्दल बोलले तर ते रागाने बोलले असं झालं. दोघांबद्दल बोलले असते तर त्यांनी मला विचारलं असतं की तुला काय माहीत आहे." आणि आत जाताना म्हणाल्या, "गाढवाला पाणी पाज. चढ आहे."

मी घरी आले. फिंतास ऑलिव्हच्या बागेत होता. मी त्याला सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. तो ऐकताना छाटणी थांबवेल असं मला वाटलं होतं, पण त्याने थांबवली नाही. एक फांदी, मग दुसरी. माझं संपल्यावर मी म्हटलं, त्यांनी तुला वाचवलं.

"तेलेसचं विचारलंस?"

"विचारलं." आणि बाईंचं उत्तर मी पुन्हा सांगितलं, कारण त्याला ते पुन्हा ऐकायचं होतं.

तो झाडावरून उतरला. "वाचवलं म्हणू नकोस," तो म्हणाला. "ठेवून घेतलं."

मी म्हटलं, तिला स्वतःच्या मुलाची लाज काढावी लागली. नगराविरुद्ध गेली ती. तिच्या भावाला कळलं असतं तर तिचंही काही खरं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "मी नाही कुठे म्हणतोय? पण चिनाराखाली एवढी माणसं होती. कोणी मरायचं आणि कोणी नाही, ते तिने घोड्यावरून उतरता उतरता ठरवलं. माझ्या भावाच्या वेळेला गप्प राहिली. गप्प राहावं लागलं असेल. पण उद्या तिला आणखी एक ठरवावं लागेल, आणि तेव्हा माझ्याऐवजी दुसरा कोणी ठेवण्यासारखा असेल." मग त्याने माझ्या पोटाकडे बघितलं. "किंवा हे."

डोंगराच्या पलीकडे पायलोस अजून अथेन्सच्या ताब्यात होतं. तिथे आमच्यातलेच पळून गेलेले लोक होते, स्पार्टाने पूर्वी जिंकलेल्या मेसेनियातल्या जुन्या बंडखोरांची मुलंबाळं हातात भाले घेऊन तटावर उभी होती. आमच्या खोऱ्यातून तिकडे गेलेल्यांच्या गोष्टी कानावर येत, वाटेत पकडलेल्यांच्याही येत. मला जायचं नव्हतं, हे मी स्पष्ट सांगते. ज्या बाईने आपल्याला जिवंत ठेवलं, तिच्याच अंगावर आपल्या पळून जाण्याचा ठपका येईल, हे मला बरोबर वाटत नव्हतं. फिंतासने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू राहा म्हणालीस तर मी राहीन. पण मग या झाडांपैकी एकेकाला मी रोज विचारीन की माझी किंमत तुझ्याइतकी का तुझ्याहून कमी." तो असं बोलणारा माणूस नव्हता. त्या एका वाक्यावर मी निघाले.

डोंगर ओलांडताना काय काय झालं, ते सांगण्यासारखं फार नाही. थंडी होती, खायला अंजीर होते, एका मेंढपाळाने आम्हाला पाहिलं आणि पाठ फिरवून मेंढ्या दुसरीकडे नेल्या. पायलोसच्या तटापाशी पहारेकऱ्याने कोण म्हणून विचारलं. फिंतास आपलं नाव सांगून गप्प राहिला. कोणत्या मालकाचा, ते पुढे सांगायची सवय होती, आणि आता सांगायला काही नव्हतं. पहारेकरी थांबून वाट बघत नव्हता. त्याने दार उघडलं.

मुलगा तिथेच झाला. पुढे तह झाला तेव्हा अथेन्सच्या लोकांनी आम्हाला जहाजांत घालून केफालेनिया बेटावर नेऊन वसवलं. दगडगोट्यांची जमीन मिळाली, शेळ्या मिळाल्या. फिंतासने ऑलिव्ह लावले. दर वर्षी थंडी सुरू झाली की तो समुद्राच्या काठी जाई आणि तेलेससाठी वाळूत मध घातलेली वाइन ओती. थडगं नव्हतं, तेव्हा कुठे ओतायचं? समुद्र सगळीकडे जातो, एवढंच. मी बरोबर असे. मुलगा मोठा झाल्यावर तोही येई, पण त्याला आम्ही फक्त काका लढाईत गेले असं सांगितलं होतं.

एका वर्षी लाकोनियाहून, म्हणजे स्पार्टाच्या मुलखातून, पळून आलेला एक जण आमच्याकडे जेवायला होता. त्याच्याकडून कळलं की अंतिबियाबाई वारल्या. थेरास अथेन्सहून सुटून आला होता, पण शरण गेलेला म्हणून त्याला कोणी पंक्तीला घेत नसे. बाई मरेपर्यंत स्वतः शेतावर जात होत्या. पाहुणा हे दुसऱ्याच कशाबद्दल बोलता बोलता सांगून गेला. फिंतास ताटातलं खात राहिला.

त्या वर्षी काठावर गेल्यावर त्याने तेलेससाठी ओतलं, नेहमीसारखं. सुरईत थोडं उरलं होतं. मी ती त्याच्या हातातून घेतली.

"हे कोणाचं?" त्याने विचारलं.

"तुला माहीत आहे," मी म्हटलं.

लाट आली, गेली. मला वाटलं, तो सुरई हिसकावून घेईल. मी तसं झालं तर काय करायचं हेही ठरवलं होतं. त्याने तेलेससाठी ओतलेल्या जागेकडे बघितलं. तिथली वाळू अजून ओली होती.

"त्याच्या शेजारी नको," तो म्हणाला.

मी काठाने पुढे चालत गेले, तो मला दिसेल पण त्याचा चेहरा दिसणार नाही इतकी लांब, आणि तिथे ओतलं.